साधं पाणी

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरातलं ऊन एकदम वयात येतं. परवापर्यंत गॅलरीत शेंगा सोलत बसावंसं वाटायचं, आज त्याच फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. बाभळी वाळतात, पंखे करकरायला लागतात, आणि शाळांमधून प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात. खाकी कव्हराच्या प्रयोगवह्या छातीशी धरून मुली रस्त्याने चालल्या की माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना खाज सुटते. लाल पेन धरायची बोटं ती. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, केस पिकले, दात उसने आले, पण ही दोन बोटं अजून निवृत्त व्हायला तयार नाहीत.

या दिवसांत मला एका जागी बसवत नाही. डबे काढते, पुसते, परत ठेवते. चहा ठेवते आणि विसरते. सूनबाई म्हणते, आई, तुम्हाला उन्हाळा बाधतो. मी हो म्हणते. परीक्षेचा हंगाम बाधतो असं सांगितलं तर लोक हसतील. या वयात कसली परीक्षा?

तर या उपद्रवी बोटांना काहीतरी काम हवं, म्हणून मी घरी प्रयोग करायला लागले. माझी नात ओवी दहा वर्षांची आहे. तिच्या जोडीला आमच्या अपार्टमेंटमधल्या तीन मुली. रविवारी सकाळी चौघी गच्चीच्या जिन्यातल्या सावलीत जमतात आणि मी सूनबाईच्या स्वयंपाकघरावर दरोडा घालते. सोडा, लिंबं, व्हिनेगर, हळद, मीठ. एकदा ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला आणि पांढरी भाकरी निळीकाळी झाली, तेव्हा एका मुलीने आठवडाभर भाकरी खाल्ली नाही म्हणे. तिची आई मला जिन्यात भेटली आणि फार गोड हसली. असं हसणं मी ओळखते. व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलेलं अंडं कवच विरघळून रबरी झालं, ते सूनबाईच्या हातून फुटलं, आणि तेव्हापासून फ्रिजचा खालचा कप्पा मला बंद झाला.

मुलांसाठी घरचा प्रयोग बसवणं हे पुरणपोळी करण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. भाजणारं काही नको. पोटात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल असं काही नको. सूनबाईची स्टीलची भांडी डागाळता कामा नयेत. आणि एवढं सगळं सांभाळून शेवटी काहीतरी असं व्हायला हवं की दहा वर्षांच्या मुलीने आ वासावा. त्यासाठी मी आठ-आठ दिवस एकटीच खटपट करते. हळदीचा कागद किती वाळवायचा, मिठाच्या पाण्यात दोरा किती दिवस सोडायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर आधी चढवायचा की नंतर. टपरीवरून चुना आणायला गेले तर टपरीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही म्हातारीने आता कुठे खरं आयुष्य सुरू केलंय.

माझ्याच वर्गातली एखादी जुनी विद्यार्थिनी हे बघेल तर तिला चक्करच येईल. कारण ती जी शिक्षिका होती ना, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, तिला मुलींनी पाडलेलं नाव होतं ‘हात लावू नका’. खळ घातलेल्या सुती साडीच्या निऱ्या इतक्या कडक, की बाईंच्या आधी दोन पावलं निऱ्याच वर्गात शिरायच्या. अंबाडा असा आवळलेला की भुवया कायम वर. कमरेला प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली. कपाटात परीक्षानळ्या होत्या, त्या मूळच्या पेंढ्यातच होत्या. काढल्या तर फुटतील, फुटल्या तर तपासणीच्या दिवशी कमी दिसतील, म्हणून त्या काढायच्याच नाहीत, असा बाईंचा शास्त्रीय दृष्टिकोन. तपासणीला साहेब आले की कपाट उघडून दाखवायचं. साहेब खूश व्हायचे. एकही नळी फुटलेली नाही, उत्तम प्रयोगशाळा.

प्रयोग बाई स्वतः टेबलावर करायच्या. मुली अर्धवर्तुळात उभ्या. मागच्या रांगेला पुढच्या रांगेच्या वेण्या दिसायच्या. आणि निरीक्षण? ते फळ्यावर आधीच लिहिलेलं असायचं, तासाच्या सुरुवातीला, माझ्या वळणदार अक्षरात. मुलींनी ते वहीत उतरवून घ्यायचं, मग मी प्रयोग करायचा. वेळ वाचतो, असं मी नव्या शिक्षिकांनाही अभिमानाने शिकवलं होतं. त्या वाचवलेल्या वेळाचं मी काय केलं, ते मात्र आठवत नाही.

तर आता मी त्या बाईचं प्रायश्चित्त घेत असल्यासारखी चौघींना म्हणते, हात लावा. बोट बुडवा. वास घ्या, पण लांबून. सांडलं तर सांडू दे, पुसायला सूनबाई आहे. स्वतःवर मी फार खूश होते. गेल्या रविवारपर्यंत.

गेल्या रविवारी जास्वंदीचा प्रयोग होता. खालच्या बागेतल्या तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरल्या की जांभळट लाल रंग उतरतो. त्यात लिंबू पिळलं की तो गुलाबी होऊन हसतो, आणि सोडा टाकला की हिरवा पडतो. आंबट आणि अल्क ओळखायची ही घरगुती युक्ती. मी आठवडाभर आधी स्वयंपाकघरात तीनदा करून पाहिला होता. चौघींसाठी चार कार्डं केली. पुढच्या बाजूला काय करायचं ते, मग रिकाम्या रेघा निरीक्षणासाठी, खाली ‘तपासणाऱ्याची सही’. ती ओळ माझ्या हाताने आपोआपच लिहिली. आणि कार्डाच्या मागे, बारीक अक्षरात, उत्तरं. लिंबू: गुलाबी. सोडा: हिरवा. साधे पाणी: बदल नाही.

मागे उत्तरं कशाला, असं तुम्ही विचाराल. मुलींना स्वतःचं स्वतः तपासता यावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

रंग मी फिल्टरच्या पाण्यात केला होता. पण प्रयोगाच्या वेळी सूनबाईने फिल्टरच्या पाण्यावर बंदी घातली. नळाला पाणी आल्याला चार दिवस झाले होते, फिल्टर थेंबथेंब गळत होता. मुलींनी गच्चीवरच्या तोटीतून वाट्या भरून घेतल्या. मी खाली चष्मा आणायला गेले होते. परत आले तेव्हा चौघी लिहीत होत्या, माना खाली, अगदी शहाण्यासारख्या. वाट्या धुऊन उपड्या घातलेल्या. चारही कार्डांवर: साधे पाणी, बदल नाही.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पहिल्या फटक्यात प्रयोग जमला. मी कार्डं गोळा करून घरी आणली. आणि दुपारी गॅलरीच्या उजेडात ओवीचं कार्ड हातात धरलं, तर ‘बदल नाही’ या शब्दांखाली काहीतरी होतं. खोडरबराने घासलेलं. कार्ड तिरकं धरलं. पेन्सिलीची खोल रेघ खोडली तरी राहतेच. तिथे लिहिलं होतं: हिरवट.

मी ओवीला हाक मारली. तिला तेव्हा आंबा-चॉकलेटच्या रॅपरचा किल्ला करायचा होता, त्यामुळे तिने वैतागून सांगितलं, की पाणी ओतल्यावर रंग हिरवट झाला होता, चौघींचा झाला होता, मग त्यांनी कार्ड उलटून पाहिलं तर बदल नाही असं होतं, म्हणून त्यांनी नीट करून घेतलं. एकीने तर पाणी ओतलंच नव्हतं, मागचं बघून आधीच लिहून टाकलं होतं. वेळ वाचतो म्हणाली.

“पण तुला दिसलं काय?” मी विचारलं.

“दिसलं हिरवट. पण बरोबर काय ते तुझ्याकडे होतं ना, आज्जी.”

एवढं बोलून ती गेली. इतक्या सहज. जसं काही डोळे हे कच्च्या कामासाठी असतात, आणि पक्कं काम दुसऱ्या कुणाच्या तरी कार्डाच्या मागे असतं.

दुपारी मी आडवी झाले, पण डोळा लागेना. उठले. पाणी प्यायले. प्यायल्यावर ग्लासाकडे बघत राहिले. ‘साधे पाणी’. हा शब्द मी आयुष्यभर वापरला, शेकडो वह्यांत वाचला, आणि तो सोलापुरात राहून वापरला. आमच्याकडे साधं पाणी कुठे असतं? नळाचं असतं, ते चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की घरातली सगळी माणसं हंडे घेऊन धावतात. बोअरचं असतं, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नळाच्या तोंडाशी पांढरी पापुद्री साचते. टँकरचं असतं. जारचं असतं. हॉटेलातला पोऱ्या मात्र अजून विचारतो, साधं का बाटलीचं? आणि आपण साधं म्हणतो, म्हणजे कुठलं ते त्यालाही माहीत नसतं. गच्चीच्या तोटीला बोअरचं पाणी. त्यात अल्क असणारच. जास्वंद हिरवटलीच पाहिजे. चूक जास्वंदीची नव्हती, मुलींची नव्हती, त्यांच्या वाट्यांचीही नव्हती.

मी पेन घेतलं आणि कार्डामागचं ‘साधे’ खोडून ‘फिल्टरचे’ लिहायला घेतलं. एक शब्द बदलला की मी पुन्हा बरोबर. ‘फि’ लिहून झालं. आणि हात थांबला. कारण हेच, अगदी हेच, मी पूर्वी एकदा केलं होतं, आणि त्या वेळी माझ्यासमोर आठवीतली एक मुलगी उभी होती.

त्या वर्षी पाऊस असा नव्हताच. फेब्रुवारीतच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. आणि नेमका त्याच वर्षी वरून आदेश आला, की प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने करायचं. बाईंना धक्का. पेंढ्यातल्या नळ्या काढाव्या लागल्या. लिटमस कागद थोडाच होता. मी कात्री घेऊन एकेका पट्टीचे चार तुकडे केले, नखाएवढे, आणि प्रत्येकीला एक लाल आणि एक निळा दिला. मुलींनी ते असे धरले होते जसा देवीचा अंगारा धरतात.

सकाळी प्रयोगशाळेचे शिपाई लिंबाजीमामा दारात उभे राहिले होते. डोक्यावर घागर, धोतर भिजलेलं. “बाई, नळ न्हाय आज. बोअरचं भरून ठिवलंय बगा,” ते म्हणाले. मी मान हलवली असेन. नक्की हलवली. हा तपशील मी पुढे अनेक वर्षं विसरल्याचं नाटक करत आले, म्हणून इथे लिहून ठेवते. मला सांगितलं होतं.

पद्मा पहिल्या रांगेतली नव्हती, शेवटच्याही नव्हती. हजेरीत तिचं नाव मी वडिलांच्या नावासकट पूर्ण पुकारायची, पद्मा राजय्या आणि पुढे आडनाव. तेवढं लांब नाव पुकारलं तरी ती ‘हजर’ इतक्या हळू म्हणायची की दोनदा म्हणावं लागायचं. तिचे वडील, ती त्यांना तेलुगूत नायना म्हणायची, डाईंगमध्ये सूत रंगवायला होते. टॉवेलचं, चादरीचं सूत. एकदा ते तिचा डबा द्यायला शाळेत आले होते तेव्हा मी पाहिलं होतं, दोन्ही हात कोपरापर्यंत मोरपंखी. मुली खिदळल्या होत्या. मी त्यांना गप्प केलं नव्हतं, कारण मलाही हसू आलं होतं.

तर पद्माने पाण्यात लाल लिटमस बुडवला, आणि वहीत लिहिलं, की कागद निळसर झाला. मी फिरत फिरत तिच्यापाशी आले. लाल पेनाने रेघ मारली. समासात लिहिलं: निरीक्षण पुन्हा लिहा. ती कधी बोलायची नाही, ती त्या दिवशी बोलली. कागद पुढे धरून म्हणाली, की बाई, झालाय बघा निळा. मी म्हटलं, पाणी उदासीन असतं, पुस्तकात आहे. तेव्हा तिने ते वाक्य उच्चारलं.

“बाई, नायना म्हणतात बोअरच्या पाण्यात सोडा असतो.”

आता इथे तुम्हाला त्या बाईची हुशारी सांगायला हवी. तिला शब्दाला शब्द लावण्याचा फार नाद होता. तिच्या कोट्या स्टाफरूममध्ये नावाजल्या जात. तिने एक क्षणही न घेता म्हटलं, “मग पेपर तुझे नायना तपासणार आहेत का?”

वर्ग फुटला. चाळीस मुली हसल्या. बाईंनी आपला अंबाडा चाचपला. पद्माने खाली बसून लिहिलं: लाल लिटमसवर परिणाम नाही. अक्षर सुरेख होतं. मी बरोबरची खूण केली, आणि मधल्या सुट्टीत चहाबरोबर तो किस्सा सांगून आणखी एकदा हशा मिळवला.

त्यानंतर पद्माच्या वहीत मला कधी चूक सापडली नाही. वर्षअखेरीला मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, चांगली सुधारणा.

पद्मा कुठे परदेशी गेली नाही, हरवली नाही, की तिला शोधायला मला पायपीट करावी लागली नाही. ती आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहते. तिथेच तिचं टॉवेल-नॅपकिनचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. कित्येक वर्षं मी नॅपकिन तिच्याकडूनच घेते. ती स्टूल पुढे करते, बाई बसा म्हणते, विणीत बारीकसा दोष असलेला टॉवेल वेगळा काढून स्वस्त देते आणि दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवते. बाकी दुकानदार लपवतात. आम्ही उन्हाबद्दल बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो, तिच्या मुलाच्या बदलीबद्दल बोलतो. आणि त्या दिवसाबद्दल कधीच नाही. मला वाटायचं ती विसरली असेल. नाही, खरं सांगते, मला वाटायचं की ती विसरलेली बरी. आमच्या घरात नॅपकिनांचा ढीग साचलाय. सूनबाई विचारते, आई, इतके कशाला? काय सांगू तिला.

त्या दुपारी चार वाजायची वाट मी बघितली नाही. ऊन ऐन भरात असताना एका बाटलीत जास्वंदीचा रंग घेतला, त्यात गच्चीचं पाणी मिसळलं, तो मरगळल्यासारखा हिरवट-राखाडी झाला. ओवीला म्हटलं चल. ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, प्रयोग पुरा करायला. तिने आपलं कार्ड घेतलं. ते तिनेच घेतलं, मी सांगितलं नव्हतं. रस्त्यात डांबर मऊ झालं होतं. कुठल्यातरी गल्लीतून मागाचा खटखटाट येत होता, पूर्वी तो सगळीकडून यायचा. ओवी बाटली हलवत चालली होती आणि मी घरून ठरवून आणलेली वाक्यं एकामागून एक विसरत होते.

पद्मा पट्ट्याने टॉवेल मोजत होती. “या बाई. एवढ्या उन्हाचं?” म्हणाली आणि ओवीच्या गालाला हात लावला. मी बाटली काउंटरवर ठेवली. ओवीनेच सांगितलं, की हे जास्वंदीचं पाणी आहे, हे साध्या पाण्याने बदलायला नको होतं पण बदललं, आणि आज्जी दुपारपासून अशी करतेय.

पद्माने बाटली उचलली आणि दाराच्या उजेडात धरली, तशीच, जशी ती कापड धरते. “बोअरचं पाणी घातलंय की यात,” ती म्हणाली.

ओवीने विचारलं, कशावरून. तर पद्मा म्हणाली, की डाईंगच्या हौदात असंच व्हायचं. पाणी बदललं की रंग मरायचा. थोडी ॲसिडची धार सोडली की परत जाग्यावर यायचा. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि दुकानाच्या दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू तोडलं. मी अरे अरे म्हणेपर्यंत तिने ते कात्रीने कापलंसुद्धा. “मागल्या शनिवारचं आहे. नजर काढून झालीये त्याची,” ती म्हणाली आणि बाटलीत पिळलं. सुकलेल्या लिंबाचे चारच थेंब पडले असतील, पण ती मरगळ गेली. गुलाबी रंग तळापासून वर चढत आला. ओवीने तोंडावर हात ठेवला. आठवडाभर मी जे बसवत होते ते पद्माने नजरेच्या लिंबावर करून दाखवलं.

तेव्हा मी म्हटलं. चांगलं काही बोलता आलं नाही. आठवीत तुझ्या लिटमसवर मी रेघ मारली होती, ते पाणी बोअरचं होतं, मामांनी मला सकाळी सांगितलं होतं, तुझं बरोबर होतं. असं तोडकंमोडकं, एका दमात, उत्तरं पाठ करून आलेल्या मुलीसारखं.

पद्मा नॅपकिनांच्या घड्या घालत राहिली. तिला सगळं आठवत होतं. कुठल्या बाकावर होती तेही. सगळ्या हसल्या होत्या, ती म्हणाली, पण हसण्याचं काय, पोरी हसतातच. मग घडी घालता घालता थांबली.

“तुमचं जाऊ द्या, बाई. तुमी वर्गात बोलला. मी घरी जाऊन बोलले.”

संध्याकाळी नायना हात धूत होते. ते दगडाने घासले तरी रंग जायचा नाही. पद्मा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, की तुम्हाला काही कळत नाही, पाण्यात सोडा-बिडा काही नसतो, बाईंनी सांगितलंय. रोज सकाळी हौदात रंग सोडायच्या आधी ते पाणी जिभेवर घेऊन बघायचे. त्याच्यावर सोडा किती आणि ॲसिड किती ते ठरायचं. अख्खं डाईंग त्यांच्या जिभेवर चालायचं, पद्मा म्हणाली. तर ते हात पुसत लेकीला म्हणाले, बाई म्हणतात म्हणजे तसंच असेल, अम्मा. त्या शिकलेल्या आहेत.

“आणि मग?” ओवीने विचारलं.

“मग काय. दुसऱ्या दिवशी कामाला गेले, पाणी जिभेवर घेतलं, सोडा मोजला. पण मला परत कधी पाण्याचं काही सांगितलं नाही त्यांनी. मीबी विचारलं नाही.” तिने घडी पुरी केली. “लई माहिती होतं त्यांना. सगळं गेलं त्यांच्याबरोबर.”

मी इतकी वर्षं मोजत होते ते वर्गातलं हसू. एक मुलगी, एक वही, एक रेघ. ती रेघ त्यांच्या घरापर्यंत गेली होती, मोरपंखी हातांच्या माणसापर्यंत, हे मला ठाऊकच नव्हतं. माझी कोटी मी तिथेच टाकून आले होते, आणि पद्मा ती उचलून घरी घेऊन गेली होती. इतर किती जणींनी काय काय घरी नेलं असेल? कुणाची आई चुलीच्या राखेने भांडी घासताना काय म्हणाली असेल, कुणाच्या आजीने लोणच्याबद्दल काय सांगितलं असेल, आणि कुणी कुणाला जाऊन म्हटलं असेल, की गप्प बस, बाईंनी सांगितलंय. स्टुलावर बसवेना. उठले तर उभंही राहवेना. दुकानाच्या दारात जाऊन ऊन बघितलं आणि परत आले.

ओवी मात्र कामाला लागली होती. तिने काउंटरवरची पेन्सिल घेतली, कार्डावरचं ‘बदल नाही’ खसाखसा खोडलं आणि त्या आधीच खोडलेल्या, भोक पडायला आलेल्या जागी लिहिलं: बोअरचे पाणी. हिरवट. खाली जागा उरली होती म्हणून आणखी लिहिलं: आज्जीच्या कार्डावर चूक आहे. मग कार्ड पद्मापुढे सरकवलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथं तुम्ही सही करा. आज्जीची चालणार नाही, तिचंच चुकलंय.”

पद्मा लाजली. तीच लाज, हजेरीतली. मी कुठली सही करणार, मी काय बाई आहे का, म्हणाली. ओवी बोट काढेना. शेवटी पद्माने पदराला हात पुसले, गल्ल्यातून पेन काढलं आणि सावकाश लिहिलं. नॅपकिनांच्या पावतीवर तिची सही मी शेकडो वेळा पाहिली आहे. मधलं नाव नवऱ्याचं, शेवटी सासरचं आडनाव. त्या कार्डावर तिने तसं लिहिलं नाही. लिहिलं फक्त दोन शब्दांत, आठवीतल्या त्याच सुरेख अक्षरात: पद्मा राजय्या.

ओवीने ते वाचलं. “राजय्या कोण?”

पद्मा बाटली परत उजेडात धरून बघत राहिली.

“त्यांनीच तपासायचा होता पेपर,” मी म्हटलं. “जरा उशीर झाला.”